हेक्टरी डोस एकराला लावून १०,५०० रुपयांना गंडवलं

माती तपासणीचे ५०० आणि ‘डीएपी’ खताच्या ८ गोण्यांचे १०,०००. तीन एकर गव्हासाठी १०,५०० रुपये रोख गेले. गावात आणखीही घरं फसलीत, पण लाजेपोटी कोणी तोंड उघडत नाही, म्हणून लिहितोय.

गळ्यात ओळखपत्र, हातात मशीन, जागेवर रिपोर्ट. गाडीतून दारोदार फिरून माती तपासणारी आणि खत विकणारी टोळी ती. रिपोर्टवर नत्र, स्फुरद, पालाश (एन, पी, के) किलोत १२०:६०:४० असा डोस होता. आकडा खरा, म्हणूनच विश्वास बसला. पण बागायती गव्हाची ही शिफारस हेक्टरी आहे आणि त्यांनी ती एकरी म्हणून लावली. थेट अडीचपट!

खरा हिशेब असा. हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणून अडीचने भागा: एकरी ४८ किलो नत्र, २४ स्फुरद, १६ पालाश. आधी स्फुरद धरा. डीएपीत ते ४६ टक्के, म्हणून २४ भागिले ०.४६, म्हणजे ५२ किलो डीएपी. त्यातूनच ९ किलो नत्र मिळतं, ते वजा करायचं (इथे बरेच जण चुकतात). उरलेल्या ३९ किलोला ८५ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांनाही थोडा कमी. १६ किलो पालाशसाठी पोटॅश खत २७ किलो. तीन एकराला डीएपी लागतं १५६ किलो, ५० किलोच्या तीन गोण्या आणि वर थोडं. आमच्या गळ्यात ८ घातल्या.

आणि त्या डीएपीच्या नव्हत्याच. अनुदानाचं खत दुकानातल्या पॉस मशीनवर (विक्री नोंदवायचं यंत्र) अंगठा दिल्याशिवाय मिळत नाही. इथे ना अंगठा, ना पावती, आणि भाव १,३५० ऐवजी १,२५०. तिथेच थांबायला हवं होतं, हे आता रोज डोक्यात घुमतं. पण पेरणी तोंडावर आणि दुकानात डीएपी नाही, अशा वेळी दारात आलेलं खत कोण परत पाठवेल? गोणीवर ठळक अक्षरात डीएपी, खाली बारीक अक्षरात ‘भू-सुधारक’, म्हणजे जमीन सुधारायचा माल. डीएपीचं नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण, १८:४६:०, कुठेच नाही. दाणे तंबाखूच्या चुन्यात चोळले. खऱ्या डीएपीचा नाकात जाणारा उग्र वास येतो. इथे काहीच नाही, तळहातावर नुसता राखाडी चिखल.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात पहिला प्रश्न, बिल कुठाय? दुसरा, सीलबंद गोणी कुठाय? मग म्हणे हे खतात मोडत नाही, पोलिसात जा. पोलीस म्हणतात, खताचं प्रकरण कृषी खात्याचं. ज्याने बिलच दिलं नाही त्याचं बिल आणायचं कुठून? फिरत्या गाडीला परवाना आहे का, हे विचारायचं काम शेतकऱ्याचं की निरीक्षकाचं? तक्रार लेखी घ्यायलाही कोणी तयार नाही. अर्ज द्याल तेव्हा पोच घेतल्याशिवाय हलू नका.

मातीचा नमुनाही त्यांनी बांधाकडेची एक मूठ उचलून घेतला होता. नमुना नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून, त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायचा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळायचा. चौथाई करत (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो ठेवायचा, सावलीत वाळवायचा. रिपोर्टमध्ये सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब नसेल तर तो कागद फाडा. जमिनीत स्फुरद भरपूर निघालं तर स्फुरदाचा डोस पाव हिस्सा कमी करा. जादा स्फुरदाने जस्ताची कमतरता येते.

ज्यांच्याकडे त्या गाडीची एखादी गोणी शिवलेली असेल त्यांनी ती उघडू नका. तपासणीला खताचा नमुना फक्त तिचाच घेतात.