यल्लम्मा डोंगर मुलांना घेऊन पायी: काही महिन्यांच्या फेऱ्यांनंतर

सौंदत्तीच्या डोंगराखालच्या जोगणभावी कुंडापासून यल्लम्माच्या देवळापर्यंतचा चढ मुलांना झेपतो का? सहा वर्षांपुढच्यांना झेपतो, पण दिवस नीट निवडायला हवा. मंगळवार, शुक्रवार आणि मार्गशीर्ष, पौष, माघ यांच्या पुनवा टाळाच. त्या गर्दीत मूल कडेवरून खाली ठेवता येत नाही. पावसाळ्यात दगड शेवाळतात, तेव्हाही नको.

बेळगावहून सौंदत्ती साधारण ८० किलोमीटर, म्हणून पहाटे पाचला निघावं. उशीर झाला की वर पाय पोळतात: चपला बाहेर काढाव्या लागतात आणि ऊन चढलं की फरशी तापते. मुलांना जाड मोजे घाला. पाणी दर मुलामागे पाऊण लिटर. माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीवर झडप घालतात, भडंग-चिवडा बंद सॅकमध्येच ठेवा. बाबागाडी पायऱ्यांवर निरुपयोगी.

ही वाट मुलांना आवडते ती गोष्टीमुळे, आणि गोष्ट चालता चालता तुकड्यांनी सांगावी. रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, रोज मलप्रभा नदीच्या ओल्या वाळूचा घडा वळायची, सापाची चुंबळ करून तो डोक्यावर आणायची. चढायच्या आधीच मुलांना घडा करायला लावा. घरून डब्यात बारीक वाळू न्या. आठ वाट्या वाळूला एक वाटी पाणी पुरतं. कोरडी वाळू ढासळते, पाणी जास्त झालं तर घडा पसरतो. दोन्ही घडतं, आणि पुढे रेणुकेचा घडा का वळेना हे मुलांना न सांगता उमगतं. जमदग्नीचा राग चढावर सांगा. परशुरामानं आईला मारल्याचा भाग लहानग्यांना सांगताना अर्ध्यावर तोडू नका, ती घाबरतात. आवारात परशुरामाचं देऊळ आहे. तिथं बसून ‘त्यानं वर मागून आईला परत आणलं’ इथपर्यंत एका दमात सांगा.

भंडारा उधळतात तेव्हा मुलांना वाऱ्याकडे पाठ करून उभं करा. डोळ्यात गेला तर चोळू देऊ नका, भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा. कपड्यांवरचा मात्र आधी कोरडाच झटकायचा, ओला झाला की डाग बसतो.

डोक्यावर जग (देवीचा मुखवटा ठेवलेली टोपली) आणि हातात चौंडकं हे तंतुवाद्य घेतलेले जोगती, म्हणजे देवीला वाहिलेले लोक, दिसले की मोठी मुलं प्रश्न विचारतात. उत्तर टाळू नये. देवीला मुली सोडायची चाल होती, कर्नाटकानं १९८२ च्या कायद्यानं तिच्यावर बंदी घातली, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला समजतं. ‘उदं गं आई उदं’ म्हणणाऱ्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

जोगणभावीची आंघोळ करायचीच असेल तर उतरल्यावर. ओल्या कपड्यांनी चढलं की मांड्या घासतात आणि मूल अर्ध्यातच रडायला लागतं. कुंडाच्या पायऱ्या निसरड्या, हात धरूनच उतरवा.

वेळ उरला तर मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणावर जा. मोरानं हाक दिली आणि मलप्रभेनं डोंगर फोडला, अशी तिथली गोष्ट. ती काठावरून सांगा. धरणाच्या पाण्यात मुलांना अजिबात उतरू देऊ नका.