जंगलवाटेला पोहे की नूडल्स?

गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्याच्या रानात दोन दिवस ओझे पाठीवर वाहायचे असेल, तर मी पोहेच बांधते. १०० ग्रॅम इन्स्टंट नूडल्समध्ये साधारण ४५० कॅलरी, पोह्यांत ३५०च्या आसपास. वजनाच्या हिशेबात नूडल्स सरस, हे खरेच. पण त्यांना उकळते पाणी हवे, म्हणजे स्टोव्ह आला, भांडे आले, आणि अभयारण्यात आग नकोच. पातळ पोहे गार पाण्यानेही मऊ होतात. फक्त ते पाणी शुद्ध केलेले हवे. ओहोळाचे थेट घालू नका. वर गूळ आणि सुके खोबरे घातले की कॅलरींची तूट भरून निघते, कारण खोबऱ्यात १०० ग्रॅमला साडेसहाशेच्या वर असतात. ओला चव, म्हणजे खवलेला ओला नारळ, मात्र घरीच ठेवा, आपल्या दमट हवेत तो लवकर आंबतो. नूडल्स नेल्याच, तर रिकामी पाकिटे परत आणा.