बॉक्सएल्डर बग: साबणाचं पाणी की पेस्ट कंट्रोलचा स्प्रे?

अमेरिकेतल्या मिनेसोटात घर घेतलेल्यांना बॉक्सएल्डर बग, म्हणजे हे काळे-लाल किडे काय असतात ते वेगळं सांगायला नको. सप्टेंबर संपत आला की दक्षिणेच्या नाहीतर पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडतं आणि सगळी साइडिंग (भिंतीवरचं बाहेरचं आवरण) वळवळायला लागते. (बाबा इकडे आले होते तेव्हा बघताच म्हणाले, अरे हे तर कपाशीवरचे लाल ढेकूण. ते नव्हेत, पण तोंडावळा तसाच.)

मी दोन्ही करून बसलोय. पहिल्या वर्षी पेस्ट कंट्रोलचा माणूस बोलावून घराभोवती बायफेन्थ्रिन हे कीटकनाशक मारून घेतलं, दुसऱ्या वर्षापासून बाटलीत पाणी आणि डिश सोप.

स्प्रेचा फायदा आहेच, एकदा मारला की काही आठवडे बघायला नको. साबणाचं तसं नाही, थेट अंगावर पडला तरच किडा मरतो, वाळला की त्याचा काही उपयोग नाही, उद्या येणारे नवीन बग मजेत फिरतात. त्यामुळे ऑफिसातून उशिरा येणाऱ्याला स्प्रेच सोयीचा वाटेल, मान्य.

पण माझं डोकं फिरलं ते डेकच्या सरकत्या दारामुळे. स्प्रे लागलेला बग जागच्या जागी मरत नाही हो, झिंगल्यासारखा फिरत फिरत फटीत शिरतो आणि तिथे मरतो, आणि आमच्याकडे ती फट म्हणजे दाराचा ट्रॅक. दार सरकवलं की कर्रर्र, वर तो चिरडल्यावरचा वास. बायकोने डेकवर चहा घेऊन जाणंच सोडलं, मी महिनाभर जुन्या टूथब्रशने ट्रॅक उकरत होतो. साबणाच्या पाण्याने भिंतीवरून टपाटप खाली पडतात, झाडून डब्यात टाकायचे, विषय संपला. तीनच्या सुमारास सगळे उन्हाला जमलेले असतात तेव्हा दहा मिनिटं पुरतात. कुंड्यांवर उडालं तर मात्र लगेच साधं पाणी मारा, माझा पुदिना एकदा करपलाय.

झाड तोडायचं म्हणाल तर हे बग बॉक्सएल्डर नावाच्या झाडाच्या, त्यातही मादी झाडाच्या, बियांवर पोसतात हे खरं, पण शेजारच्या झाडावरून उडत येतात त्यांचं काय करणार? त्यापेक्षा खिडक्यांच्या फटी कॉल्कने (फटी बुजवायच्या लुकणाने) बुजवा, नाहीतर आत शिरलेले फेब्रुवारीत जरा ऊन पडलं की पडद्यावर हजर. तिथे व्हॅक्यूमच, चिरडलात तर पडद्यावर डाग.

दोन मजली घर असेल आणि वरपर्यंत पाणी पोचत नसेल तर स्प्रेला मी नाही म्हणणार नाही, फक्त माणूस यायच्या आधी ट्रॅकवर टेप लावून ठेवा.