ऑइलचा लाल दिवा आणि लाखाचं बिल

ऑगस्ट उजाडला की गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर हा प्रकार हटकून घडतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोट दोन महिने बांधून ठेवलेली, दमट हवेत इंजिनरूममधल्या वायरींची टोकं हिरवी पडलेली. बंदी उठते आणि पहिल्याच फेरीत पॅनेलवर ऑइलचा लाल दिवा, म्हणजे ऑइलचं प्रेशर कमी झाल्याचा इशारा, लागतो. खलाशी येऊन बसलेले, बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं. मालक घाईत असतो आणि नेमकी ही घाई हेरणारे मेकॅनिक जेटीवर असतात.

एका सहा सिलिंडरच्या ट्रॉलरवर जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण पद्धत बहुतेक ठिकाणी हीच असते. मेकॅनिकने डिपस्टिक ओढली, ऑइल दोन बोटांत चोळलं आणि मालकाच्या नाकासमोर धरलं. "बघा, काळं ठिक्कर. बेअरिंग गेलं. असंच चालवलं तर क्रँक जाईल." डिझेल इंजिनात नवं ऑइलसुद्धा काजळीमुळे काही तासांत काळं होतं, त्यावरून बेअरिंगबद्दल काहीच कळत नाही. प्रेशर गेज लावलाच नाही. थेट इंजिन उघडलं. बेअरिंग सेट, ऑइल पंप, पॅकिंग, मजुरी धरून बिल लाखाच्या वर. जुनी बेअरिंगं मागितली तर "भंगारात गेली".

दिवा विझला, आणि काही दिवसांनी भर समुद्रात पुन्हा लागला. दुसऱ्या मेकॅनिकने आधी गेज लावला. गरम इंजिनाचं प्रेशर स्लोवर (इंजिन कमीत कमी वेगाने चालू असताना) 1 बारच्या वर आणि 1500 आरपीएमला साडेतीन बार, म्हणजे व्यवस्थित. दोष होता ऑइल स्विचच्या वायरीत. इंजिनाच्या मागच्या ब्रॅकेटवर घासून तिचं आवरण गेलं होतं आणि आतलं तांबं इंजिनाच्या बॉडीला टेकत होतं. त्या जागी नवी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, उष्णतेने आणि ऑइलने सुटलेली. म्हणजे खरा दोष पहिल्याला सापडला होता. टेप गुंडाळून त्याने दिवा विझवला आणि बिल लावलं बेअरिंगचं.

दिवा इंजिन बघत नाही, फक्त स्विच बघतो. साध्या पॅनेलमध्ये ऑइलचा स्विच प्रेशर साधारण अर्ध्या बारखाली गेलं की वायर बॉडीला जोडतो आणि दिवा पेटतो. वायर दुसरीकडे कुठेही बॉडीला लागली तरी तोच दिवा पेटतो. म्हणून क्रम असा ठेवावा. दिवा लागताच, बोट सुरक्षित जागी असेल तर, इंजिन बंद करा. डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलं आहे, पुढे चालवू नका. ऑइल पुरेसं असेल आणि दुधाळ नसेल तर चावी ऑन ठेवून, इंजिन सुरू न करता, स्विचवरची वायर काढा. दिवा तरीही पेटलेलाच असेल तर दोष वायरीत. विझला, तर वायर ठीक. मग स्विच तरी खराब किंवा प्रेशर खरंच कमी, आणि ते ठरवतो फक्त गेज. स्विच काढून त्याच्या जागी यांत्रिक गेज बसवायला फार वेळ लागत नाही. हे न करता इंजिन उघडायला सांगणाऱ्याला थांबवा. काही इंजिनांत स्विचला दोन वायरी असतात आणि बॉडी अर्थला वापरलेली नसते. तिथे ही चाचणी मॅन्युअल बघूनच करावी.

बेअरिंग खरंच गेलं असेल तर पुरावा फिल्टरमध्ये असतो. जुना ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडा, चकचकीत कण दिसतील. "चुंबकाला काही चिकटलं नाही" यावर मात्र निर्धास्त होऊ नका. बेअरिंगच्या वरच्या थराचा धातू चुंबकाला चिकटत नाही. आणखी एक लबाडी म्हणजे 15डब्ल्यू-40 च्या जागी जाड 20डब्ल्यू-50 भरणं. स्लोवरचं प्रेशर वाढतं, दिवा विझतो, झिजलेलं बेअरिंग तसंच राहतं. डबा स्वतः वाचा.

तापमानाच्या दिव्यावर हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं पाणी थंड करणारा भाग) बदलायला लावतात. आधी बाहेर पडणारं पाणी बघा. धार बारीक असेल तर सीकॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह), मग गाळणी (मांडवीत प्लास्टिक आणि गाळ दोन्ही अडकतात), मग पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक). पातं तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा शोधून काढलाच पाहिजे. तो बहुधा एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसतो आणि नव्या इम्पेलरनेही इंजिन तापतं. चार्जिंगचा दिवा लागला तर आधी बेल्ट बघा. पुष्कळ इंजिनांत तोच बेल्ट गोड्या पाण्याचा पंप फिरवतो. बेल्ट ठीक असेल तर मीटर लावा: 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालू इंजिनात साधारण 14 व्होल्ट हवेत.

काम ठरवताना गेजचे आकडे, सुटे भाग आणि इंजिन नंबर बिलावर लिहून घ्या, जुने भाग ताब्यात घ्या. बोट स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवत असाल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. बिल आणि जुने भाग नसतील तर तक्रार सिद्ध करणं अवघड जातं.

सगळ्यात घातक फसवणूक म्हणजे वायर उपटून दिवा विझवणं, कारण पुढच्या वेळी इंजिन सीज (जाम) होईपर्यंत कळतच नाही. मेकॅनिक बोटीवरून उतरण्याआधी चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा पेटला पाहिजे, बझर असेल तर वाजला पाहिजे. ऑइलचा दिवा पेटत नसेल तर बल्ब गेला आहे, स्विच खराब आहे किंवा वायर काढली आहे. ते सुधारून घेईपर्यंत पैसे देऊ नका.