‘द गॉब्लिन एम्परर’: तलवार म्यानात, राजकारण जिभेवर

कॅथरिन ॲडिसन यांची २०१४ ची ही कल्पनारम्य (फँटसी) कादंबरी पावसाळ्यात घरात बसून सावकाश वाचावी अशी आहे. एअरशिपच्या (फुग्यासारख्या हवाई जहाजाच्या) अपघातात सम्राट बाप आणि तीन सावत्र भाऊ जातात. वनवासात वाढलेला, कुणी न विचारलेला अठरा वर्षांचा माया गादीवर येतो. लढाया जवळपास नाहीत. सगळा ताण दरबारात कोण कुणाला काय म्हणतो, त्यात. माया चारचौघांत स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो आणि मनात ‘मी’. हा फरक तू-तुम्ही-आपण जपणाऱ्या मराठी वाचकाला चटकन जाणवतो. दोन अंगरक्षक सतत सोबत, त्यामुळे त्याला एकट्याने रडताही येत नाही. ही घुसमट फार सुरेख उतरली आहे.

नदीवर पूल बांधावा की नाही, यावरचा वाद तर गोंयकारांनी वाचायलाच हवा. १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळल्यावर फेरीबोटीच्या रांगा पाहिलेल्यांना पुलाचं राजकारण समजावून सांगावं लागत नाही.

अडचण नावांची. आडनावाचा शेवट लिंग आणि लग्नानुसार बदलतो, त्यामुळे एकाच घराण्यातली माणसं परकी वाटतात आणि पहिली पन्नासेक पानं दमवतात. शेवटी नावांची यादी आहे, तिथे खूण घालून ठेवा. छापील प्रतच घ्या, मोबाइलवर मागे-पुढे करणं जिकिरीचं होतं.