शुअरफायरची बॅटरी, पाच वर्षं वापरून

आमच्याकडे आत घालतात ते सेल आणि हातात धरतात ती बॅटरी. टॉर्च हा शब्द आम्ही फक्त मुद्देमालाच्या यादीत लिहायचो. म्हणून इथंही बॅटरीच म्हणतो.

साताऱ्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा आणि नंतर घाटमाथा, असं मिळून ३१ वर्षं पोलिसात काढली. २०१६ साली सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली निम्मी नोकरी रात्रीची. गस्त, नाकाबंदी, घाटातल्या अपघाताचे पंचनामे, विहिरीत डोकावून बघायचे प्रसंग. या सगळ्यात पिस्तूल कितीदा बाहेर काढलं ते बोटांवर मोजता येईल, बॅटरी मात्र रोज हातात. त्यामुळे या वस्तूबद्दल मला बोलायचा अधिकार आहे असं मी समजतो.

२०१९ मध्ये थोरल्याकडे अमेरिकेत गेलो, कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला. त्यानं विचारलं, "आप्पा, तुम्हाला काय घेऊ?" मी म्हणालो, एक चांगली बॅटरी घे. त्याला वाटलं मी संकोच करतोय. मग एकदा ४०५ नंबरच्या हायवेनं जाताना त्यानंच दाखवलं, की पोलीस आणि लष्कराच्या बॅटऱ्या करणारी शुअरफायर कंपनी इथंच, फाउंटन व्हॅलीत आहे. त्याच्या घरापासून दहा-बारा किलोमीटर. आठवड्याभरात त्यांची जी२एक्स टॅक्टिकल माझ्या हातात होती. किंमत ७० डॉलरच्या आत-बाहेर.

या कंपनीची सुरुवात बॅटरीपासून झालेली नाही. डॉ. जॉन मॅथ्यूज नावाच्या इंजिनिअरनं १९७९ मध्ये लेझर प्रॉडक्ट्स या नावानं ती काढली आणि पहिलं काम होतं बंदुकीवर बसवायच्या लेझरचं, म्हणजे नेम कुठं लागतोय ते दाखवणाऱ्या लाल ठिपक्याचं. त्यातून बंदुकीवरचे दिवे आले, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी हातात धरायची ६पी. हे माझ्या मते महत्त्वाचं आहे. गोळी सुटल्यावर बंदूक जो झटका देते तो हजारदा खाऊनही दिवा विझू नये, सेल हलू नयेत, एवढी तयारी ज्यांनी आधी केली, त्यांनी नंतर हातातली बॅटरी केली. हातातून दगडावर पडणं हे त्यापुढे काहीच नाही.

६पीचा उजेड ६५ ल्युमेन होता, तोही तासभर. आजच्या आकड्यांपुढे हे काहीच वाटणार नाही. पण त्या काळात तेवढ्या उजेडासाठी मोठे तीन-चार सेल घातलेली हातभर नळी लागायची. आमच्याकडच्या जुन्या हवालदारांच्या बॅटऱ्या तशाच होत्या, वेळप्रसंगी दंडुक्यासारख्या वापरता येतील अशा. ६पी मुठीत मावायची, कारण तिच्यात कॅमेऱ्यात वापरतात ते लिथियमचे दोन छोटे सेल होते, सीआर१२३ए नावाचे, प्रत्येकी ३ व्होल्टचे. साध्या सेलपेक्षा दुप्पट व्होल्टेज, आणि पडून राहिला तरी दहा वर्षं टिकणारा. माझ्या बॅटरीतही तेच दोन सेल आहेत.

आता माझ्या बॅटरीविषयी. सव्वापाच इंच लांब. सेलसकट वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पुढचं तोंड ॲल्युमिनियमचं, बाकीचं अंग काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं. त्याला ते नायट्रोलॉन म्हणतात. हातात घेतल्यावर आधी मला ते प्लॅस्टिक वाटलं आणि मन खट्टू झालं. पहिल्या डिसेंबरात पहाटे चारला मोटार चालू करायला शेतात गेलो तेव्हा त्याचा अर्थ कळला. धातूची बॅटरी थंडीत हाताला झोंबते, बोटं आखडतात. ही झोंबत नाही.

बटण मागच्या टोकाला, आणि ते दाबून "टक" असं बसत नाही. अंगठा दाबला की उजेड, सोडला की अंधार. सलग हवा असेल तर मागची टोपी पिळायची. उलटी जास्त पिळली की बटण दाबूनही लागत नाही, म्हणून पिशवीत आपोआप पेटून सेल संपायची भीती नाही. घरच्यांना हे विचित्र वाटतं. गस्त घातलेल्या माणसाला लगेच पटतं. रात्री काही हाललं तर एक क्षण उजेड मारायचा, पाहायचं, विझवायचं आणि दोन पावलं बाजूला सरकायचं. बॅटरी सलग लावून चालणारा माणूस सगळ्या शिवाराला आपला पत्ता सांगत चालतो.

मी नवा असताना एका हवालदारांनी मला बॅटरी अंगापासून लांब, डावा हात आडवा पसरून धरायला शिकवलं होतं. म्हणायचे, "उजेड दिसतो तिथंच धोंडा येतो." अमेरिकेत मला कळलं की नेमकी हीच पद्धत तिकडे एफबीआयच्या नावानं शिकवतात. आमचे हवालदार कधी जिल्ह्याबाहेर गेले नव्हते. त्यांची आठवण आली.

कागदावर हिचा उजेड ६०० ल्युमेन. इथं थोडं थांबतो, कारण लोक फक्त ल्युमेन विचारतात आणि फसतात. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडला. तो एका रोखानं किती एकवटला, ते कँडेला सांगतात. त्याच कंपनीचे पिस्तुलावर बसवायचे दोन दिवे घ्या. एक्स३०० अल्ट्राचा उजेड १,००० ल्युमेन आणि ११,३०० कँडेला. एक्स३०० टर्बोचा फक्त ६५० ल्युमेन, पण ६६,००० कँडेला. ल्युमेन कमी असूनही टर्बोचा झोत जवळजवळ अडीचपट लांब जातो. कँडेला सहापट झाले म्हणजे अंतर सहापट होत नाही, कारण अंतराबरोबर उजेड वर्गाच्या हिशेबानं विरतो. हे मला मुलानं कागदावर मांडून दाखवलं. पण विहिरीच्या काठावर उभं राहिलेल्या कुणालाही ते न मांडता माहीत असतं.

गेल्या वर्षी शेजाऱ्याचं करडू विहिरीत पडलं. साठ फुटांची जुनी दगडी विहीर, कपारीत उगवलेल्या झाडोऱ्यानं भरलेली. तिघांच्या मोबाइलचा उजेड वरच्या झाडोऱ्यातच अडकत होता. माझ्या बॅटरीचा मधला झोत थेट खालच्या टप्प्यावर पोचला आणि करडू दिसलं, कपारीला पाय रोवून उभं. पोरगा दोर बांधून उतरला तोवर मी वरून उजेड धरून होतो. झोताभोवती जे मंद वलय पडतं, त्यात त्याला पायऱ्याही दिसत होत्या. मध्ये जोर आणि भोवती वलय, हे प्रमाण या बॅटरीत उत्तम जमलंय. बांधावरून जाताना पायाशी घोणस आहे का ते वलयात दिसतं आणि पलीकडच्या बांधावर काय उभं आहे ते झोतात.

याच्या उलट अनुभवही सांगतो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी बाजारातून एक झूमवाली बॅटरी स्वतःच्या पैशानं घेतली होती. डब्यावर हजारोंनी ल्युमेन लिहिलेले. झूम केलं की भिंतीवर चौकोनी पिवळट ठिपका पडायचा, भोवती काळोख. एका जत्रेत चुकलेल्या म्हाताऱ्या आजींना आम्ही पावसात शोधत होतो, तेव्हा अर्ध्या तासात तिच्यात पाणी शिरलं आणि ती बंद पडली. आजी सापडल्या, ओढ्याकाठच्या झाडाखाली भिजत बसलेल्या. पण त्या आधीचा पाऊण तास मी विसरलेलो नाही. बॅटरीवर पैसे वाचवू नयेत हे माझं मत तिथं पक्कं झालं.

आता बंदुकीवरच्या दिव्यांविषयी, कारण शुअरफायरचं नाव मुख्यतः त्यासाठी आहे. ते मी स्वतः वापरलेले नाहीत. मुलाचा एक शेजारी तिकडच्या पोलिसात आहे. त्यानं मला त्यांच्या बंदिस्त रेंजवर नेलं, कानाला मफ, डोळ्याला चष्मा लावून मागे उभं केलं आणि एक्स३०० अल्ट्रा दाखवला. पिस्तुलाच्या नळीखालच्या खाचांवर बसतो. ट्रिगरच्या कमानीच्या पुढेच दोन्ही बाजूंना खिट्टी. पुढे ढकलली की क्षणभर लागतो, वर-खाली फिरवली की सलग. दोन्ही हात पिस्तुलावर राहतात, हा मोठा फायदा. दिवे मालवले आणि त्यानं तो लावला तेव्हा समोरचा कागदी पुतळा अंधारातून असा उभा राहिला की माझ्या अंगावर काटा आला. ३१ वर्षांत असं साधन आमच्या कुणाच्या हातात असतं तर कुठं कुठं उपयोगी पडलं असतं, ते एकेक प्रसंग डोळ्यांपुढून गेले.

त्यानं दिव्याची काच दाखवली, बारूदीच्या काजळीनं काळवंडलेली. रेंजला जाण्याआधी ते काचेला ओठांना लावायचं मलम फासतात, म्हणजे काजळी धरत नाही, नंतर पुसून निघते. राहिली तर पेन्सिलीच्या खोडरबरानं घासतात.

पण नंतर त्यानं सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पिस्तुलावर कितीही चांगला दिवा असला तरी हातातली बॅटरी वेगळी लागतेच. कारण पिस्तुलावरचा दिवा जिथं फिरवाल तिथं नळीही फिरते. अंधारात कोण आहे हे शोधायलाच तो वापरला, तर घरातल्या पोरावर, शेजारच्या बाईवर, स्वतःच्या जोडीदारावर पिस्तूल रोखलं जातं. आधी हातातल्या बॅटरीनं माणूस ओळखायचा, आणि पिस्तूल रोखण्यासारखंच काही असेल तरच दुसरा दिवा. मुठीवर दाबून लागणारे काही दिवे असतात, त्यांचा खटका दाबायला जाऊन ट्रिगर ओढला गेल्याचे अपघात त्यांच्या देशात झालेत, तेही त्यानं लपवलं नाही. ३०० डॉलरच्या पुढे-मागे किंमत असलेला दिवा लावला म्हणून कुणी शहाणा होत नाही, सराव लागतो, असं तो दोनदा म्हणाला. माझ्या मते ज्या खात्यात असे दिवे देतील, तिथं आधी प्रत्येकाच्या कमरेला साधी चांगली बॅटरी दिली पाहिजे.

उणिवाही सांगतो. जी२एक्स टॅक्टिकलला एकच उजेड आहे, पूर्ण. घरात रात्री पाणी प्यायला उठलं आणि ती लावली तर पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येऊन आपलेच डोळे दिपतात. महाबळेश्वरच्या धुक्यातही तेच, समोर दुधाची भिंत उभी राहते. ६०० ल्युमेन तिथं कामाचे नाहीत, बॅटरी कमरेखाली धरून रस्त्याच्या कडेवर मारावी लागते. मला पोलिसी सवयीमुळे एकच उजेड आवडतो. पण घरगुती वापराला जी२एक्स प्रो घ्यावी. तिच्यात पहिल्या टकीला १५ ल्युमेन आणि दुसऱ्या टकीला ६००.

दुसरी उणीव सेलची. सीआर१२३ए गावच्या किराणा दुकानात मिळत नाहीत, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळाले तर महाग पडतात, आणि हे एकदा वापरून टाकायचे सेल आहेत. ही बॅटरी चार तास सलग लावून ठेवायची वस्तू नाही. लाइट गेल्यावर घरात ठेवायला दुसरी स्वस्तातली चार्जिंगची घ्या. सेल बदलताना दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना असं चालवू नका. जुना रिकामा होतो, नवा त्याच्यातून करंट रेटत राहतो आणि लिथियमचा सेल तापून फुटू शकतो. अमेरिकेतून आणणार असाल तर सुटे सेल हातातल्या बॅगेत ठेवा, टोकं झाकून. मोठ्या बॅगेत सुटे लिथियम सेल चालत नाहीत.

पाच वर्षांत माझ्या बॅटरीच्या तोंडावरचा काळा थर दोन-तीन ठिकाणी खरचटलाय आणि मागची टोपी पिळताना आता हाताला थोडी सैल लागते. आट्यांवरची रबरी रिंग मी वर्षातून एकदा पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावतो. पावसाळे गेले, आत ओल आलेली नाही. रात्रपाळीची लाइट असते त्या आठवड्यात ती रोज माझ्याबरोबर शेतात असते, बाकी उशाशी.

थोरला दिवाळीला येतोय. त्याला डझनभर सेल आणायला सांगितलेत, आणि बायकोसाठी एक जी२एक्स प्रो. पहाटे गोठ्यात जाताना माझी बॅटरी घेतली की म्हैस बुजते म्हणून तिची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.