सात महिने, ६१ उड्डाणं आणि पुढच्या चाकाची पिन

जानेवारीतला पहिला रविवार, सकाळचे साडेसात. माझं रिमोटवर उडणारं मॉडेल जेट डांबरी रस्त्यावर नाक टेकून पडलेलं आणि पुढच्या चाकाचा पाय मागे दुमडलेला. उचलून बघितलं तर फोमला ओरखडासुद्धा नव्हता, पंखा हाताने मोकळा फिरत होता. फक्त पायाची ४ मिमीची पिन वाकली होती. तिसऱ्यांदा. घरी आलो आणि तसाच हा अनुभव लिहायला बसलो. जानेवारीभरात लिहिलेलं आधी देतो, कारण त्यातली मुख्य तक्रार आजही कायम आहे. बाकी बऱ्याच गोष्टींबद्दल मत नंतर बदललं, ते पुढे येईलच.

मॉडेल ओळखणारे ओळखतील. नळीत बसवलेला ७० मिमीचा, बारा पात्यांचा विजेचा पंखा, सहा सेलची बॅटरी, मीटरभर पंख, उतरताना पंखांच्या मागच्या कडा खाली वळवणारे फ्लॅप, तिन्ही चाकं पोटात जाणारी. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. ऑगस्टमध्ये टॅक्स आणि कुरिअर धरून ४१ हजारांना पडलं, बॅटऱ्या वेगळ्या. छंदावर एकरकमी एवढे पैसे मी आजवर कधी घातले नव्हते, त्यामुळे प्रत्येक रुपया वहीत मांडलेला आहे.

जोडणी एका संध्याकाळचं काम आहे, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की कारखान्यात आवळलेल्या एकाही ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) विश्वास ठेवू नका. माझ्या डाव्या पायाचा स्क्रू बोटाने फिरत होता. सगळे काढून, थेंबभर थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून पुन्हा बसवले. ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, बंद केल्यावर थ्रॉटल (पंख्याचा वेग) शून्यावर येतो का, हे विमान पक्कं धरून दोनदा तपासलं. वॅटमीटर लावला तर पूर्ण थ्रॉटलला ७४ अँपिअर आणि २२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे सुमारे १६०० वॅट. घरातली इस्त्री यापेक्षा कमी ओढते. बॅटरीचा पॅक २५.२ व्होल्टपर्यंत भरलेला असूनही भाराखाली एवढा खाली येतो, हे पाहून कनेक्टरचे सोल्डर पुन्हा केले आणि ते बरंच झालं.

आता जागा. मिरजेच्या पुढे एक एनए प्लॉटिंग आहे. रस्ते झालेत, विजेचे खांब उभे आहेत, घर एकही नाही. मालकाची परवानगी आहे आणि ड्रोन उडवण्यासाठीच्या सरकारी नकाशावर तो भाग हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात येतो. रस्ता ९ मीटर रुंद, वापरण्यासारखी लांबी १४० मीटर, पूर्व-पश्चिम. वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून उतरायचं पूर्वेकडून. आणि पूर्वेच्या टोकाला रस्त्याला लागून ऊस. ऑक्टोबरपर्यंत तो दहा फुटांच्या वर गेला होता. या उसाचं पुढे काम आहे, लक्षात ठेवा.

उडवण्याआधी मी रस्ता खराट्याने झाडतो, दर वेळी. हवा ओढणारी तोंडं जमिनीपासून वीतभर वर आहेत आणि पुढचं चाक खडी थेट त्यांच्या समोर उडवतं. दुसऱ्याच उड्डाणात हरभऱ्याच्या दाण्याएवढा खडा आत गेला, एका पात्याचं टोक तुटलं आणि एरवी शिट्टीसारखा एकसंध येणारा आवाज खरखरायला लागला. नवा रोटर १४०० रुपये. खराटा ६० रुपये.

पिनेकडे येतो. पहिली सहाव्या उतरणीला वाकली. डब्यातली जादाची पिन लावली, ती अकराव्याला गेली. मग दुकानात विचारलं. पिन सुटी मिळत नाही, अख्खं रिट्रॅक्ट युनिट (चाकाचा पाय आत-बाहेर करणारी यंत्रणा) घ्यावं लागेल, ३६०० रुपये. घेतलं. त्याची पिन एकोणिसाव्या उतरणीला, म्हणजे त्या रविवारी वाकली. वॉरंटीबद्दल फोन केला तर उत्तर आलं की हे ‘क्रॅश डॅमेज’ आहे, वॉरंटीत बसत नाही. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, त्यात विमान चाकांवर उतरताना स्पष्ट दिसतंय. तरी तेच उत्तर.

ही पिन किती महत्त्वाची आहे ते सांगतो. ती वाकली की पाय पोटातल्या खाचेत सरळ जात नाही, कडेला घासतो. रिट्रॅक्टची मोटर अडली की विजेचा ओढा वाढतो, आतला सर्किट बोर्ड ‘शेवटाला पोचलो’ असं समजून तिथेच थांबतो. म्हणजे जेमतेम दोन अंशांचा बाक असला तरी पाय अर्ध्यावर अडकून राहतो, आणि हे कळतं ते उतरताना, बॅटरी संपत आलेली असताना. एकदा माझं तसंच झालं. चाकं आत घेऊन पोटावर, रस्त्याशेजारच्या गवतात उतरवलं. म्हणून पिन वाकली की हाताने सरळ करून पुन्हा उडवू नका. सरळ दिसते, पण सरळ नसते.

४१ हजारांच्या वस्तूत बोटभर लोखंडाचा तुकडा सुटा विकायची सोय नसावी, याचा मला मनापासून संताप आला. पिन घेऊन कुपवाड एमआयडीसीत एका लेथवर गेलो. तिथल्या चाचांना सांगितलं की वाकणारच नाही अशी करून द्या. त्यांनी सिल्व्हर स्टीलची (कडक करता येणारं पोलाद) करून, पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून, कडक केली. १२० रुपये. तीन उतरणी व्यवस्थित झाल्या आणि मी ३६०० वाचवल्याच्या आनंदात होतो.

इथपर्यंतचं सगळं जानेवारीत लिहिलेलं. पुढचं मार्चअखेर लिहितोय.

तेविसाव्या उतरणीला विमान पुन्हा नाकावर आलं. पिन वाकली नाही. पण ज्या प्लायवूडच्या पट्टीवर युनिट बसतं ती पट्टी फोमसकट उपटून निघाली आणि नाकाचा खालचा भाग बॅटरीच्या तोंडापर्यंत चिरला. पिन घेऊन पुन्हा चाचांकडे गेलो. त्यांनी तुटलेलं नाक हातात घेतलं, अंगठ्याने फोम दाबून बघितला आणि म्हणाले, “सर, ही कच्चीच पाहिजे. पक्की केली की मागचं फुटंल. बघा, फुटलंच की.”

त्यांचं बरोबर होतं. पिन मऊ ठेवण्यामागे कारण आहे. धक्का बसला की सर्वांत स्वस्त भाग वाकतो आणि नाक वाचतं. कंपनीच्या पिनेला मी नावं ठेवत होतो, ते मागे घेतो. ती सुटी विकत नाहीत, ही तक्रार मात्र दुप्पट झाली. वाकण्यासाठीच बनवलेली वस्तू गिऱ्हाईकाला पुन्हा मिळायलाच हवी.

नाक दुरुस्त करायला चार संध्याकाळी गेल्या. चीर एपॉक्सीने सांधली, आत फोमला दोन मिमीच्या प्लायची दुसरी पट्टी जोडली, चेपलेल्या जागी उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं धरून फोम फुगवला. त्या निमित्ताने सगळं विमान पहिल्यांदाच शांतपणे तपासलं, तेव्हा खरी चूक सापडली. ती माझी होती.

मॅन्युअलमध्ये ४००० एमएएचचा पॅक सांगितलाय. मी ५०००चा घेतला होता, कारण फरक फक्त ९०० रुपयांचा आणि प्रत्येक उड्डाणात अर्धा-पाऊण मिनिट जास्त. पण तो पॅक १४० ग्रॅमने जड, आणि बॅटरीची जागा सीजीच्या (विमानाचा तोल सांभाळणारा गुरुत्वमध्य) सुमारे १८ सेंटिमीटर पुढे. मागे सरकवायला तिथे जागाच नाही. म्हणजे सीजी १२ ते १३ मिमी पुढे गेला होता. हवेत याचा त्रास जाणवत नाही, उलट विमान रुळावरून चालल्यासारखं सरळ जातं. त्रास होतो तो शेवटच्या दहा फुटांत. नाक जड असलं की ते वर धरून ठेवायला एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) वेग लागतो. प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल दिला की शेपटीवर वारा येतो. जेटमध्ये सगळी हवा नळीतून मागे निघून जाते, शेपटीला तिचा काही उपयोग नाही. मी वेग कमी करायचो, नाक खाली बसायचं, आणि पुढचं चाक मागच्या दोन चाकांच्या आधी टेकायचं. दर वेळी तेच.

वजनाचाही एक मुद्दा आहे. ५०००च्या पॅकसह विमान १ किलो ९९० ग्रॅम भरत होतं. २०२१च्या ड्रोन नियमांत ‘मायक्रो’ गट २ किलोपर्यंत आहे आणि त्या गटात हौसेसाठी उडवणाऱ्याला पायलटचा परवाना लागत नाही. मी १० ग्रॅमच्या काठावर होतो. ४०००च्या पॅकने आता १ किलो ८५० आहे.

दुसरं कारण ऊस. दहा फुटांच्या भिंतीवरून यायचं म्हणून मी उंचावरून, तिरकस, थ्रॉटल पूर्ण बंद करून खाली यायचो. ही प्रोपेलरच्या विमानाची सवय. जेटचा थ्रॉटल बंद केला की पंखा मंदावतो आणि पुन्हा वेग घ्यायला सेकंद-दीड सेकंद लागतो. शेवटच्या क्षणी स्टिक पुढे केली तरी मदत पोचेपर्यंत चाकं टेकलेली असतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तोडणीची टोळी आली, ऊस कारखान्याला गेला आणि ते टोक एकदम उघडं पडलं. तेव्हापासून मी लांबून, सपाट येतो.

आता उतरतो ते असं. तीन मिनिटं झाली की मुलगी बाजूला उभी राहून सांगते, “बाबा, तीन झाली.” लगेच चाकं खाली आणि ती तिन्ही खाली आलीत हे जवळून एक फेरी मारून दोघेही बघतो. मग फ्लॅप, दोन सेकंदांत सावकाश उतरेल असा लावलेला, सोबत एलिव्हेटर ३ मिमी खाली मिसळलेला, नाहीतर विमान उसळी घेतं. वळून रस्त्याच्या रेषेत आलो की थ्रॉटल ४० टक्क्यांच्या आसपास धरतो आणि सोडत नाही. नाक किंचित वर. उंची थ्रॉटलने कमी-जास्त करतो, वेग एलिव्हेटरने. मागची चाकं रस्त्यापासून फूटभर राहिली की मगच थ्रॉटल हळूहळू बंद. मागची दोन चाकं आधी टेकतात, विमान तसंच नाक उचलून दहा-बारा मीटर पळतं आणि पुढचं चाक अलगद खाली येतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी आणि मुलगी दोघंही ओरडलो. डांबरावर चाक टेकल्याचा तो बारीक ‘चिक’ आवाज त्याआधी मी ऐकलाच नव्हता.

रेषेत येताना काही चुकतंय असं वाटलं तर रस्त्याच्या टोकापर्यंत वाट बघू नका, अर्ध्या वाटेवरच थ्रॉटल देऊन परत वर जा. त्यासाठी बॅटरीत दम राहायला हवा, म्हणून माझा टायमर सव्वातीन मिनिटांचा आहे आणि उतरल्यावर पॅकमध्ये ३० टक्के शिल्लक असते. पॅक प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. एक पॅक मार्चच्या उन्हात तासभर गाडीत राहिला आणि किंचित फुगला, तो आता वापरत नाही.

चोविसाव्यापासून एकसष्टाव्या उड्डाणापर्यंत एकच पिन वाकली आहे, तीही आडव्या वाऱ्यात. दुकानाला फेब्रुवारीत पुन्हा मेल केला की पिना सुट्या ठेवा, मी दहा घेईन. उत्तर आलेलं नाही. चाचांनी साध्या माइल्ड स्टीलच्या पाच करून दिल्यात, ४० रुपयाला एक. चार शिल्लक आहेत.

ज्यांच्याकडे हेच युनिट आहे त्यांच्यासाठी माप देतो. व्यास ४ मिमी, लांबी ३४ मिमी, दोन्ही टोकांपासून ५ मिमीवर ग्रब स्क्रूसाठी अर्धा मिमी खोल सपाट घासलेली जागा, दोन्ही सपाट जागा एकाच बाजूला. पिनेला पाणी देऊ नका, असं लेथवाल्याला आवर्जून सांगा.